रॅलीत लवकर पोचलात तर जास्त दंड! कार रॅलीचे नियम नक्की चालतात कसे

कार रॅलीत एखाद्या टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला हजेरी लावायच्या चौकीला, एक मिनिट उशिरा पोचलात तर १० सेकंदांची पेनल्टी बसते, आणि एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण एक मिनिटाची. म्हणजे लवकर येण्याचा दंड उशिरा येण्याच्या सहापट. आता हे वाचून कोणीही म्हणेल की अरे, शर्यत आहे ना ही? मग लवकर आला म्हणून शिक्षा कसली? पण हा एक नियम डोक्यात बसला ना की रॅलीचं अर्ध नियमपुस्तक आपोआप कळतं, म्हणून सुरुवात इथूनच करू.

रॅली म्हणजे गोल ट्रॅकवर वीस गाड्या एकत्र सोडून दिल्या असला प्रकार नाही. इथे गाड्या एकेक करून सुटतात, मधे दोन-तीन मिनिटांचं अंतर असतं, आणि प्रत्येकजण एकटाच घड्याळाशी भांडत असतो. तीन-चार दिवसांच्या रॅलीत दोन प्रकारचे रस्ते असतात. एक स्पेशल स्टेज, म्हणजे वाहतुकीला पूर्ण बंद केलेला जंगलातला, डोंगरातला, कधी बर्फातला रस्ता, तिथे जीव खाऊन गाडी पळवायची आणि वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजली जाते. दुसरा रोड सेक्शन, म्हणजे एक स्टेज संपवून पुढच्या स्टेजपर्यंत किंवा सर्व्हिसपर्यंत, म्हणजे गाडी दुरुस्त करायच्या जागेपर्यंत, जायचा साधा सार्वजनिक रस्ता. तिथे समोरून ट्रक येतोय, शाळेची बस येतेय, सिग्नल लागलाय, आणि त्यात ही रंगीबेरंगी रॅलीची गाडी नंबरप्लेट लावून गुपचूप रांगेत उभी. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या, म्हणजे डब्ल्यूआरसीच्या एका रॅलीत स्टेजेसची बेरीज साधारण ३०० किलोमीटरच्या आसपास जाते आणि रोड सेक्शन त्याच्या कितीतरी जास्त असतात. मग आता सांगा, या उघड्या रस्त्यावर जो ठरलेल्या वेळेच्या आधी पोचला तो कसा पोचला? स्पीड लिमिट मोडूनच ना! म्हणून लवकर येणाऱ्याला सहापट दंड. उशीर झाला तर ते तुमचं दुर्दैव, पण लवकर आलात तर तुम्ही रस्त्यावरच्या लोकांचा जीव धोक्यात घातलात, असा तो सरळ हिशोब आहे.

हा सगळा हिशोब राहतो टाइम कार्डवर आणि तो सांभाळतो को-ड्रायव्हर. बऱ्याच लोकांना वाटतं की शेजारी बसलेला माणूस फक्त वळणं वाचून दाखवतो. छे! कंट्रोलच्या अलीकडे घड्याळाचं चित्र असलेला पिवळा बोर्ड असतो आणि प्रत्यक्ष कंट्रोलवर लाल. पिवळ्या बोर्डाच्या आत गाडी आपल्या मिनिटाच्या एक मिनिट आधी आणता येते, पण कार्ड मात्र नेमकं आपल्या मिनिटातच द्यायचं. त्यामुळे को-ड्रायव्हर कार्ड हातात घेऊन टेबलाशेजारी घड्याळाकडे बघत उभा असतो, आपलं मिनिट लागलं की कार्ड पुढे. आधीच्या स्टेजला सुटलो त्या वेळेत ठरवून दिलेली मिनिटं मिळवायची की पुढची वेळ निघाली, गणित चौथीतलं, पण ते पहाटे पाचला, झोप अर्धवट, पंक्चर झालेलं टायर नुकतंच बदललंय आणि हाताला ग्रीस लागलंय अशा अवस्थेत करायचं असतं.

आणि हाच नियम कोणी कसा वापरला बघा. २००५ च्या वेल्स रॅलीत मार्को मार्टिनचा को-ड्रायव्हर मायकल पार्क अपघातात गेला. उरलेल्या शेवटच्या स्टेजेस रद्द झाल्या, आणि होता त्या निकालावर सेबास्टियन लोब रॅली जिंकत होता आणि वर्ल्ड चॅम्पियनही होत होता. त्याला अशा दिवशी ते नको होतं. मग त्याने काय केलं, तर शेवटच्या कंट्रोलला मुद्दाम दोन मिनिटं लवकर कार्ड दिलं, दोन मिनिटांची पेनल्टी ओढवून घेतली आणि पहिला नंबर सोडून दिला. कुणाला भाषण नाही, काही नाही. याच्या बरोब्बर उलट टोक म्हणजे २०१८ ची स्वीडन रॅली. सेबास्टियन ओजिए मागे पडला होता, हरण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, तर शेवटच्या पॉवर स्टेजला, म्हणजे जादा पॉइंट देणाऱ्या स्टेजला, हा मुद्दाम चार मिनिटं उशिरा आला. पेनल्टी ४० सेकंद, पण बाकीच्यांनी ताजा बर्फ साफ करून दिलेला रस्ता मिळाला आणि त्या स्टेजचे चार पॉइंट खिशात घातले. नियम मोडला का? नाही. पण नियम लिहिणाऱ्याच्या मनात असं होतं का? तेही नाही. रॅलीत ही भानगड कायमची आहे, एकजण पळवाट शोधतो आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात एक कलम वाढतं.

रोड सेक्शनचं अजून एक. तिथे त्या देशाचा वाहतूक कायदा लागू, तुम्ही जगज्जेते असलात तरी. १९९८ च्या ब्रिटनमधल्या रॅलीत टॉमी मॅकिनेनची गाडी रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून घसरून काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली, मागचं चाक गेलं, तरी हा तीन चाकांवर घासत निघाला, आणि सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं. संपली रॅली. (त्या वर्षीचं चॅम्पियनपद तरीही त्यालाच मिळालं, कारण कार्लोस साइन्झची गाडी शेवटच्या स्टेजची फिनिश लाइन समोर दिसत असताना बंद पडली, पण तो वेगळा आणि फार वाईट किस्सा आहे.) २०२१ मध्ये क्रोएशियात ओजिएची रोड सेक्शनवर एका साध्या गाडीशी टक्कर झाली. त्याला एकूण ७००० युरोचा दंड झाला आणि वर एका रॅलीची बंदी टांगती ठेवली, पण ती रॅली तो ०.६ सेकंदाने जिंकला. आणि काले रोवानपेरा, जो पुढे २०२२ मध्ये सगळ्यात तरुण वर्ल्ड चॅम्पियन झाला, तो लहान असताना लाटव्हियात रॅली चालवायचा तेव्हा त्याच्याकडे रस्त्यावर चालवायचं लायसन्सच नव्हतं, मग स्टेज तो चालवायचा आणि रोड सेक्शनला जागा बदलून को-ड्रायव्हर चालवायचा!

आता हे सगळं ठरवतं कोण? सगळ्यात वर एफआयए, पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेली संघटना. फॉर्म्युला वन तीच बघते आणि रॅलीही. डब्ल्यूआरसी सुरू झाली १९७३ ला, गंमत म्हणजे सुरुवातीला ती फक्त कंपन्यांसाठी होती, ड्रायव्हर्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप आली १९७९ मध्ये. एफआयएच्या खाली प्रत्येक देशाची एक मान्यताप्राप्त मोटरस्पोर्ट संघटना असते, लायसन्स ती देते, देशातल्या रॅल्या ती मंजूर करते. नियमही थरांचे: सगळ्या मोटरस्पोर्टला लागू असलेला एक मूळ कोड, त्यावर रॅलीचे स्पोर्टिंग नियम, गाडीचे टेक्निकल नियम वेगळे, आणि त्या त्या रॅलीचा आयोजक स्वतःची पुरवणी काढतो, त्यात वेळापत्रक, रस्ते, सगळं. रॅली चालू असताना काही बदललं तर बुलेटिन निघतं.

मैदानावर तीन प्रकारची माणसं लक्षात ठेवा. क्लार्क ऑफ द कोर्स हा रॅली चालवतो, म्हणजे स्टेज सुरू करा, थांबवा, रद्द करा हे त्याच्या हातात. स्क्रुटिनिअर गाड्या तपासतात. आणि स्ट्युअर्ड म्हणजे न्यायाधीश, ते कुठल्या टीमचे नसतात, सुनावणी घेतात, ड्रायव्हरला बोलावतात, इन-कार कॅमेऱ्याचं फुटेज बघतात, आणि लेखी निकाल देतात. तो पटला नाही तर वर अपील करता येतं. स्ट्युअर्डही चुकतात बरं का. १९८६ च्या सानरेमो रॅलीत प्यूजोच्या गाड्यांच्या खालच्या बाजूच्या पट्ट्या बेकायदेशीर आहेत म्हणून त्यांना मधेच बाहेर काढलं, रॅली लान्चियाच्या मार्कू आलेनने जिंकली आणि सीझनअखेर तो वर्ल्ड चॅम्पियनही झाला. मग वरून निर्णय आला की प्यूजोला काढणंच चुकीचं होतं, आणि अख्ख्या सानरेमोचा निकालच रद्द करून टाकला. पॉइंट गेले, चॅम्पियनपद गेलं, ते मिळालं प्यूजोच्या युहा कांकुनेनला. आलेन ११ दिवसांचा वर्ल्ड चॅम्पियन. इतकी वर्षं झाली तरी हे वाचताना मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं.

१९८६ हे वर्षच तसं होतं. तेव्हा ग्रुप बी नावाचे नियम होते. कंपनीने २०० गाड्या बनवल्या की ती रॅलीला पात्र, बाकी मोकळं रान. परिणाम असा की ४५०-५०० हॉर्सपॉवरच्या, वजनाला अगदी हलक्या गाड्या जंगलातल्या रस्त्यांवर पळायला लागल्या आणि प्रेक्षक रस्त्याच्या मधे उभे राहून गाडी आली की बाजूला व्हायचे, काहीजण तर हात लावायला बघायचे. मार्चमध्ये पोर्तुगालला जोआकिम सांतोसची फोर्ड गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक गेले, तीसच्या वर जखमी. मोठ्या टीम्सच्या ड्रायव्हर्सनी ती रॅली तिथेच सोडली. मग २ मे ला कोर्सिकामध्ये हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो यांची लान्चिया वळणावरून खाली गेली आणि पेटली, दोघंही गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच रॅलीत आत्तिलिओ बेत्तेगा गेला होता. ग्रुप बी १९८७ पासून बंद झालं आणि त्या जागी ग्रुप ए आलं, ज्यात कंपनीला २०० नाही तर ५००० गाड्या विकून दाखवायच्या होत्या (पुढे हा आकडा २५०० केला). ही जी पद्धत आहे ना, की अमुक गाडीचा प्रत्येक पार्ट, फोटो, मापं यांची फाइल आधी एफआयएकडे मंजूर करून घ्यायची आणि मग तीच गाडी रॅलीत आणायची, तिला होमोलोगेशन म्हणतात. तपासणीत गाडीशेजारी ती फाइल उघडून पार्ट जुळवतात, नाही जुळला तर तुम्ही गेलात.

गाडीची ताकद मात्र फाइलने अडवता येत नाही, ती अडवतात एका भोकाने. टर्बो म्हणजे इंजिनात जोरात हवा कोंबणारा पंप, त्याच्या तोंडाशी रिस्ट्रिक्टर नावाची रिंग बसवतात, इंजिनला जाणारी सगळी हवा त्यातूनच गेली पाहिजे. हवा कमी म्हणजे जाळता येणारं पेट्रोल कमी म्हणजे पॉवर कमी, इतकं साधं. तुम्ही कितीही हुशार इंजिन बनवा, नाक चिमटीत धरलेला माणूस किती पळणार! भोक ३३ मिलिमीटरचं होतं, २०१७ ला ३६ केलं आणि गाड्या ३८० हॉर्सपॉवरला गेल्या, २०२५ ला हायब्रिड यंत्रणा काढून टाकली तेव्हा ते ३५ वर आणलं. एका-एका मिलिमीटरवर मीटिंगा होतात.

आणि म्हणूनच रॅलीतली सगळ्यात गाजलेली लबाडी याच रिंगेत झाली. १९९५ ची स्पेनमधली कॅटलोनिया रॅली, टोयोटाची टीम. त्यांच्या टर्बोत अशी स्प्रिंगची रचना सापडली की होज, म्हणजे हवेचा पाइप, घट्ट जोडला की रिस्ट्रिक्टर आतल्या आत किंचित सरकायचा आणि बाजूच्या फटीतून जास्तीची हवा आत जायची. तपासायला होज सोडला की सगळं चटकन जागेवर, मापाला एकदम बरोबर, स्क्रुटिनिअरला काही दिसणार नाही. म्हणजे तपासणीची कृतीच पुरावा पुसून टाकत होती. त्या वेळचे एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीसुद्धा त्या कारागिरीचं जाहीर कौतुक केलं, आणि वर्षाची बंदी घातली. टीमचे पॉइंट गेले, ड्रायव्हर्सचे पण गेले. आता टर्बो, गिअरबॉक्स यांच्यावर आधीच सील मारतात आणि सीझनला किती वापरायचे याला मर्यादा असते, सील तुटलं की उत्तर द्यावं लागतं.

आजच्या गाड्यांची उतरंड सोपी आहे, रॅली१ पासून रॅली५ पर्यंत, वर गेलात तर वेगवान आणि महाग. रॅली५ मधे जवळपास दुकानातली गाडी, रॅली२ म्हणजे जगभरातल्या खासगी टीम्सचा आधार, रॅली१ फक्त कंपन्यांच्या खिशाला परवडणारी.

स्टेजवर काय चालतं ते आता. आधी रेकी. रॅलीच्या आठवड्यात प्रत्येक स्टेजवरून साध्या गाडीने, स्पीड लिमिट पाळून, दोनदाच जाता येतं, आणि तेवढ्यात ड्रायव्हर प्रत्येक वळण बोलून सांगतो, को-ड्रायव्हर वहीत उतरवतो. गाडीत ट्रॅकर असतो, तेव्हा चोरून तिसरी चक्कर मारायचा विचारही नको. नंतर प्रत्यक्ष सुरुवात, दिव्यांचा काउंटडाउन, आणि लाइनवर सेन्सर. दिवा पडायच्या आधी हललात तर पहिल्यांदा १० सेकंद, दुसऱ्यांदा एक मिनिट, तिसऱ्यांदा तीन मिनिटं. स्पर्धकांच्या आधी रस्त्यावरून तपासणीच्या गाड्या जातात, त्यांचे नंबर ०००, ०० आणि ०, लोक चुकीच्या जागी उभे असतील तर मार्शल त्यांना हलवतात, नाही हलले तर स्टेज रद्द. वेगावर पण नजर असते, सरासरी १३० किमीच्या पुढे गेली की एफआयएला घाम फुटतो. २०१७ ला स्वीडनमधल्या क्नोन स्टेजवर ऑट तानाकची सरासरी १३७ च्या पुढे गेली, तर दुपारची दुसरी फेरी सरळ रद्द केली, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं तरी.

अपघात झाला तर गाडीत एक बोर्ड असतो, एका बाजूला हिरवं ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. आपण ठीक असू तर ओके दाखवायचा म्हणजे मागचा थांबणार नाही. एसओएस दिसला किंवा काहीच दिसलं नाही आणि गाडीची अवस्था वाईट दिसली, तर मागून येणाऱ्याने थांबायचंच, त्याची स्वतःची रॅली कितीही रंगात आलेली असो. मग त्याचा वेळ गेला त्याचं काय? त्याला अंदाजाने योग्य वेळ दिली जाते, तो न थांबता गेला असता तर किती लागला असता असा हिशोब करून. यावर वाद होतात, होणारच, पण मदतीला थांबल्यामुळे कुणी हरू नये एवढं तरी बघितलंय.

गाडी मोडली तर दुरुस्ती फक्त सर्व्हिस पार्कमधे, ठराविक मेकॅनिक, ठराविक मिनिटं, रात्रीच्या सर्व्हिसला ४५ मिनिटं, आणि तेवढ्यात हे लोक गिअरबॉक्स बदलून टाकतात! बाहेर यायला उशीर केला की परत मिनिटाला १० सेकंद. सर्व्हिसच्या बाहेर मात्र गाडीला हात फक्त ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हरने लावायचा, गाडीत जी हत्यारं आहेत त्यांनीच. २०१४ ला मेक्सिकोत थिएरी न्यूविलचा रेडिएटर गळायला लागला तेव्हा पाणी नव्हतं, पोडियमवर भेट मिळालेली कोरोना बिअरची मोठी बाटली होती, ती त्याने रेडिएटरमध्ये ओतली आणि सर्व्हिस गाठली. नियमात बसतं, बिअर गाडीतच होती! रॅली सोडावीच लागली तर दुसऱ्या दिवशी परत येता येतं, पण चुकवलेल्या प्रत्येक स्टेजला १० मिनिटं माथी.

पॉइंटचं त्रांगडं मी थोडक्यात सांगतो कारण ते सारखं बदलतात. २०२४ ला शनिवारचे वेगळे, रविवारचे वेगळे असं काढलं, तर स्वीडनमध्ये रॅली जिंकलेल्या एसापेक्का लाप्पीला १९ पॉइंट आणि दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला २४! लोकांनी इतकी टर उडवली की २०२५ ला परत जिंकणाऱ्याला २५ असं सरळ केलं, अधिक रविवारचे जास्तीत जास्त पाच आणि शेवटच्या पॉवर स्टेजचे पाच.

आणि तोंडालाही नियम आहे. २०२५ च्या स्वीडन रॅलीत आद्रियां फूर्मो स्टेजच्या शेवटी मुलाखतीत एक शिवी देऊन गेला, तीसुद्धा स्वतःच्याच चुकीबद्दल. दंड १०,००० युरो, वर २०,००० टांगते. ड्रायव्हर्स इतके चिडले की पुढे केनियात मुलाखतीत कोणी गप्पच राहायचं, कोणी आपल्या मातृभाषेत बोलायचं. एफआयएला नंतर दंडाचे आकडे खाली आणावे लागले. नुकताच २० किलोमीटर जिवावर उदार होऊन गाडी हाकलेल्या माणसासमोर माइक धरायचा आणि त्याने संसदेत बोलावं तसं बोलावं ही अपेक्षा मला तरी पटत नाही.

शेवटची स्टेज झाली, शॅम्पेन उडली, तरी निकाल अजून तात्पुरताच असतो हे लक्षात ठेवा. गाड्या पार्क फर्मेमध्ये, म्हणजे बंद आवारात जातात, तिथे टीमला हात लावायची परवानगी नाही, आणि निवडक गाड्या स्क्रुटिनिअर तासन्‌तास खोलून बसतात. स्ट्युअर्डची सही झाली की मग तो खरा निकाल. १९६६ च्या मॉन्टे कार्लोत पहिल्या तिन्ही नंबरांवर मिनी कूपर आल्या होत्या. तपासणी चालली, चालली, आणि शेवटी सापडलं काय तर हेडलाइटचे बल्ब, ते नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही गाड्या बाद, चौथी आलेली फोर्डसुद्धा बाद. पाचव्या नंबरवर एक सित्रोएन होती, ती पहिली झाली. चालवत होता पाउली तोइव्होनेन, कोर्सिकात गेलेल्या हेन्रीचा बाप.